साठ हजारात गेमिंग पीसी: पैसे कुठे घालायचे आणि कुठे हात आखडता घ्यायचा

२०२५ च्या मे महिन्यात बारावीचा निकाल लागला आणि दोनच दिवसांत माझा भाचा ऐरोलीहून ट्रान्स हार्बर पकडून ठाण्याला माझ्या घरी हजर, हातात कुठल्यातरी दुकानाचं कोटेशन. "मामा हे बघ ना, आय सेव्हन आहे, सोळा जीबी रॅम, चार जीबी ग्राफिक्स कार्ड, पाच आरजीबी फॅन, सगळं बावीस हजारात. आई साठ देणारे, म्हणजे मॉनिटर घेऊन वर खुर्ची पण होईल." खुर्ची होईल म्हणाला तिथेच मला शंका आली. कागदावर प्रोसेसरच्या रकान्यात नुसतं 'आय ७', पुढचा नंबर गायब. दुकानात फोन लावला तर म्हणे ३७७०, म्हणजे २०१२ चा माल, त्याच्याखाली एच६१ चा बिननावाचा चायना बोर्ड, जुन्या पिढीची डीडीआर३ रॅम आणि कार्ड जीटी ७३०, जे २०१४ ला आलं तेव्हासुद्धा गेमिंगचं कार्ड नव्हतं. या प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार हे तेव्हाच जाहीर झालेलं, आणि पोराला खेळायचा होता व्हॅलोरंट, जो विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट ही सुरक्षेची दोन फीचर चालू नसतील तर उघडतच नाही.

असली पॅकेजं ठाणे, वाशी, कल्याण सगळीकडे मिळतात, आणि टॅली-एक्सेलला ती वाईट पण नाहीत, पण गेमिंग म्हणून विकतात तिथे गडबड आहे. त्या दिवशी आम्ही दोघांनी बसून नवीन यादी केली, तीच इथे पायरी पायरीने लिहितोय. सगळे यादी प्रोसेसरपासून लिहायला घेतात, मी स्क्रीनपासून घेतो, का ते पुढे कळेलच.

आधी स्क्रीन ठरवा

साठ हजारात, मॉनिटर धरून, १०८०पी म्हणजे फुल एचडीच. २४ इंची, आयपीएस पॅनल (बाजूने बघितलं तरी रंग टिकणारा), जमलं तर १४४ हर्ट्झच्या वरचा, म्हणजे सेकंदाला तेवढ्या वेळा चित्र बदलणारा. १४४०पीचा मोह धरू नका, पिक्सेल जवळजवळ पावणेदोनपट होतात आणि तेवढं ओढणारं कार्ड या बजेटमध्ये बसत नाही. आणि खेळणार काय ते खरं खरं सांगा. व्हॅलोरंट, सीएस२ असले खेळ हलके आहेत, तिथे फ्रेम (सेकंदाला बदलणारी चित्रं) जास्त पाहिजेत आणि प्रोसेसरवर लोड येतो. सायबरपंक, फोर्झासारखे मोठे खेळ ग्राफिक्स कार्डाचा घाम काढतात. भाच्याला दोन्ही पाहिजे होतं, सगळ्यांनाच पाहिजे असतं.

मग ग्राफिक्स कार्ड

मॉनिटर सोडून डब्याचे जे पैसे उरतात त्यातले साधारण ४० टक्के कार्डाला द्यायचे, हा माझा हिशोब. आमचा डबा झाला पन्नास हजार आठशेचा, त्यात कार्ड साडेवीसचं: आरएक्स ६६००, ८ जीबी. १३२ वॉट खातं, एकच आठ पिनची वायर लागते, आणि फुल एचडीला मोठे खेळ मीडियम-हाय सेटिंगवर सेकंदाला साठच्या वर फ्रेम आरामात देतं. थोडे जास्त सोडायची तयारी असेल तर आरटीएक्स ४०६० किंवा ५०५०, दोन्ही ८ जीबीचीच पण डीएलएसएस (लहान चित्र मोठं करून फ्रेम वाढवणारं एनव्हिडियाचं तंत्र) मिळतं, जे मला एएमडीच्या एफएसआरपेक्षा दिसायला बरं वाटतं. इंटेलचं आर्क बी५८० बारा जीबीचं आहे आणि कागदावर एकदम भारी, फक्त त्याला रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी बोर्डाची सेटिंग) चालू लागतो आणि हलक्या प्रोसेसरबरोबर ते काही खेळांत ढेपाळतं, त्यामुळे आमच्यासारख्या बिल्डला मी ते टाळलं.

आता फसायच्या जागा, कारण या पार्टमध्ये जेवढी फसवाफसवी चालते तेवढी कुठेच नाही.

जीबी बघून कार्ड घेऊ नका. जीटी ७३० ला चार जीबी मेमरी लावणं म्हणजे लुनाला ट्रकची डिझेल टाकी बसवण्यातला प्रकार, लुना पळणार लुनाएवढीच. आरटीएक्स ३०५० दोन आहेत, ८ जीबी आणि ६ जीबी, आणि फरक नुसता मेमरीचा नाही, ६ वाल्यात कोर (आतली काम करणारी युनिट) पण कमी (२५६० च्या जागी २३०४) आणि मेमरीचा रस्ताही अरुंद, तरी दुकानात दोन्हीला '३०५०' च म्हणतात. त्या ६ वाल्याचा एक फायदा मात्र आहे, ७० वॉटवर चालतं आणि वेगळी वायर लागत नाही, म्हणजे ऑफिसमधून निघालेला जुना डेल-एचपीचा डबा असेल तर त्यात बसवायला चांगलं. आरएक्स ६५०० एक्सटी पीसीआयईच्या (कार्ड आणि बोर्डमधल्या रस्त्याच्या) चारच लेन वापरतं, जुन्या जनरेशन ३ च्या बोर्डवर त्याचा जीव गुदमरतो, शिवाय त्यात रेकॉर्डिंगचा एन्कोडर नाही, स्ट्रीमिंग करायचं असेल तर विषयच संपला. आणि ऑनलाइन स्वस्तात दिसणारं आरएक्स ५८० बहुतेक वेळा '२०४८ एसपी' असतं, मूळच्यात कोर २३०४ होते.

सेकंडहँड घ्यावं का? घ्यावं, पण समोर चालवून. विकणाऱ्याच्या घरी जा, पंधरा-वीस मिनिटं गेम किंवा फरमार्क (कार्डावर पूर्ण लोड टाकणारं सॉफ्टवेअर) लावून बसा, तापमान बघा, पंख्याचा आवाज ऐका, स्क्रीनवर ठिपके-चौकोन उमटतात का बघा. क्रिप्टोच्या मायनिंगमध्ये रात्रंदिवस राबलेली कार्डं पण फिरत असतात, बिल आणि उरलेली वॉरंटी दाखवली तरच पैसे काढा.

प्रोसेसर आणि बोर्ड, हे जोडीनेच ठरतं

आम्ही घेतला रायझन ५ ५६००, सहा कोर बारा थ्रेड (थ्रेड म्हणजे एकावेळी चालणारी कामं), साडेनऊ हजार, खोक्यात कूलर फुकट. याच्या आजूबाजूला दोन सारखी दिसणारी नावं आहेत ती नीट वाचा. ५६००जी मध्ये ग्राफिक्स आतच असतं पण कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) निम्मी, ३२ ऐवजी १६ एमबी, आणि पीसीआयई जनरेशन ३ चंच. ५५०० म्हणजे तोच ५६००जी, ग्राफिक्स बंद केलेला. वेगळं कार्ड लावणार असाल तर साधा ५६०० घ्या. उलट बजेट तीस-पस्तीसच्या आत असेल आणि कार्ड वर्षभराने घेऊ असा विचार असेल तर ५६००जी बरोबर आहे, व्हॅलोरंट त्याच्यावर मस्त चालतो.

इंटेलवाल्यांसाठी आय५ १२४००एफ, तोही सहा कोरचा, गेमिंगला उन्नीस-बीसचा फरक. एफ म्हणजे आत ग्राफिक्स नाही एवढं लक्षात असू द्या. पैसे अगदीच कमी असतील तर आय३ १२१००एफ, चार कोर आठ थ्रेड, आजही गरीब बिचारा नेटाने खेचतो.

'मामा, एएम५ घेऊया ना, पुढे अपग्रेड होईल.' बरोबर आहे, एएम४ सॉकेट (बोर्डावरची प्रोसेसर बसायची जागा, ५६०० ची हीच) २०१६ पासूनचा, आता त्याच्या शेवटच्या काळात आहे, आणि एएम५ ला एएमडीने २०२७ आणि त्याच्या पुढेपर्यंत सपोर्ट देऊ असं सांगितलंय. पण एएम५ ला डीडीआर५ रॅमशिवाय पर्याय नाही आणि बोर्डही महाग, म्हणजे हे वरचे पैसे निघणार कुठून तर कार्डातून, आणि आज खेळायला मिळणाऱ्या फ्रेम विकून चार वर्षांनंतरच्या अपग्रेडचं तिकीट काढणं मला पटत नाही. बजेट ऐंशीच्या वर असेल तेव्हा डोळे झाकून एएम५.

बोर्ड घेतला बी४५० चिपसेटचा मायक्रो एटीएक्स, म्हणजे छोट्या आकाराचा, पाच हजार आठशे. बी५५० चांगला आहे, जनरेशन ४ मिळतं, पण दोनेक हजार जास्त आणि आरएक्स ६६०० आठ लेनवर चालतं त्यामुळे जनरेशन ३ वर फरक अगदी थोडा पडतो. एकच अट, बी४५० चा जुना स्टॉक असेल तर ५००० सीरिजचा प्रोसेसर ओळखायला बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट लागतो, तो दुकानदाराकडूनच करून घ्यायचा, घरी आल्यावर काळ्या स्क्रीनकडे बघत बसण्यात अर्थ नाही. इंटेलमध्ये एच६१० चालेल, पण बहुतेकांना रॅमचे दोनच स्लॉट असतात.

रॅम

१६ जीबी, आणि ती आठ-आठच्या दोन स्टिकमध्येच. दोन स्टिक म्हणजे ड्युअल चॅनल, प्रोसेसरला मेमरीकडे जायला दोन रस्ते, आणि ५६००जी सारख्यावर तर फ्रेममध्ये प्रचंड फरक पडतो कारण त्याचं ग्राफिक्स याच रॅमवर जगतं. डीडीआर४ ला ३२०० मेगाहर्ट्झ, सीएल१६ (हा आकडा जितका कमी तितकी रॅम लवकर उत्तर देते). चार स्लॉट असतील तर प्रोसेसरपासून मोजून दुसरा आणि चौथा.

आम्हाला ही जोडी तीन हजारात मिळाली होती आणि आता त्या भावात मिळेल ही आशा सोडा, २०२५ च्या शेवटापासून एआयच्या डेटा सेंटरवाल्यांनी मेमरी उचलायला सुरुवात केली आणि रॅमचे भाव भडकले, त्याच्या मागोमाग एसएसडीचे पण. म्हणून आज यादी करताना रॅमचा भाव सगळ्यात आधी विचारा आणि मग बाकीचं बसवा. सेकंडहँड घेण्यासारखा सगळ्यात बिनधोक पार्ट रॅमच, सहसा बिघडत नाही आणि बऱ्याच कंपन्या खूप लांब वॉरंटी देतात. मित्राच्या जुन्या पीसीत डीडीआर४ पडून असेल तर एएम४ घ्यायला ते अजून एक कारण.

एसएसडी (विंडोज आणि गेम साठवायची डिस्क) एनव्हीएमई या वेगवान जातीची घ्या, १ टीबी, ५०० जीबी दोन-तीन मोठ्या गेममध्ये भरते. दिसायला तशीच एम.२ ची चपटी पट्टी पण आतून साटा ही जुनी पद्धत असलेल्या पण येतात, त्या सेकंदाला ५५० एमबीच्या आसपास अडकतात आणि साधी जनरेशन ३ ची एनव्हीएमई ३५०० पर्यंत जाते, तेव्हा खोक्यावर 'एनव्हीएमई' वाचून घ्या. सात हजार एमबीवालीची खेळात गरज नाही. हार्डडिस्क जुनी असेल तर फोटो-सिनेमांना लावा.

एसएमपीएस, इथे मी जास्त वेळ घेणार

माझा पहिला पीसी मी असाच कॅबिनेटबरोबर फुकट आलेल्या एसएमपीएसवर (सगळ्या पार्टना वीज पुरवणारी पेटी) चालवला होता. जून महिना, पहिला पाऊस, लाइट दोनदा लपलप करून गेली-आली आणि डब्यातून फटाक्यासारखा आवाज, मग तो जळक्या रेझिस्टरचा वास, जो एकदा घेतला की विसरत नाही. एसएमपीएस गेला तर गेला, जाताना मदरबोर्डला पण घेऊन गेला. सहाशे रुपयांच्या वस्तूने सहा हजारांचा बोर्ड खाल्ला.

दुकानात एसएमपीएस हातात घ्या. हलका लागला, रिकाम्या डब्यासारखा, तर तिथेच परत ठेवा, आत तांबं आणि कपॅसिटर कमी आहेत. मग बाजूचं लेबल वाचा. मोठ्या अक्षरातला '४५० वॉट' सोडून द्या, खालच्या तक्त्यात +१२ व्होल्टच्या समोर किती अँपिअर लिहिलेत ते बघा, कारण प्रोसेसर आणि कार्ड दोघंही जेवतात १२ व्होल्टच्या ताटातून. भाच्याच्या पॅकेजमधल्याचा फोटो मागवला, त्यावर होते १६ अँपिअर. १६ गुणिले १२ म्हणजे १९२ वॉट. साडेचारशेचं नाव आणि कामाचे १९२. चांगल्या कंपनीच्या ५५० वॉटवाल्यावर त्याच जागी ४५ च्या आसपास अँपिअर दिसतील, गुणाकार करा, ५४० येतो, म्हणजे जे लिहिलंय ते देतोय.

आमच्या बिल्डला कार्ड १३२, प्रोसेसर सत्तर-ऐंशी, बाकी किडुकमिडुक पन्नास, असे पावणेतीनशेच्या आत सगळे वॉट बसतात. मग ५५० कशाला? कार्ड क्षणभरासाठी उसळी मारतं त्याला जागा लागते, अर्ध्या लोडवर एसएमपीएस थंड राहतो, आणि पुढे मोठं कार्ड घेतलं तर हा बदलावा लागत नाही. ८० प्लस ब्राँझ (वीज कमी वाया घालवतो याचं सर्टिफिकेट), कंपनीची पाच वर्षांची वॉरंटी, चार हजार दोनशे दिले. यात कुणी "दोन हजार वाचव" म्हणालं तर त्याला चहा पाजा आणि विषय बदला.

याला लागूनच अर्थिंग. जुन्या बिल्डिंगमध्ये, नौपाड्यात काय कोपरीत काय, तीन पिनचा सॉकेट असतो पण तिसऱ्या भोकात वायरच नसते. मग कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येतात आणि आई म्हणते कॉम्प्युटरला करंट येतोय. एसएमपीएस खराब नसतो, त्याच्या फिल्टरमधली गळती अर्थमधून जायला हवी ती जायला वाट नाही म्हणून पत्र्यावर बसते. इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थ तपासून घ्या, हा खर्च बिल्डच्या हिशोबात धरा.

यूपीएस ऐच्छिक म्हणतात, पण पावसाळ्यात महावितरणचा भरवसा धरू नका. ६०० व्हीएचा साधा यूपीएस म्हणजे साधारण ३६० वॉट, गेम सेव्ह करून शटडाउन करण्यापुरती मिनिटं मिळतात, तेवढंच पाहिजे. मोठं कार्ड असेल तर १००० च्या पुढचा.

कॅबिनेट

समोर जाळी पाहिजे. समोर काच आणि आत इंद्रधनुष्य असलेली कॅबिनेट दिसतात छान, पण मे महिन्यात आपल्याकडे घामाने टी-शर्ट अंगाला चिकटतो तेव्हा आत त्या कार्डाचं काय होत असेल. दोन पंखे समोरून हवा आत घेणारे, एक मागून बाहेर टाकणारा, बस. टेबलाच्या बंद कप्प्यात ठेवू नका. अठ्ठावीसशेची घेतली, आरजीबी एकच पंखा, भाचा दोन दिवस नाराज होता.

तर २०२५ मधल्या त्या वेळच्या भावाने हिशोब असा: कार्ड २०,५००, प्रोसेसर ९,५००, बोर्ड ५,८००, रॅम ३,०००, एसएसडी ५,०००, एसएमपीएस ४,२००, कॅबिनेट २,८००, मॉनिटर ९,०००. एकूण ५९,८००. खुर्ची डायनिंग टेबलची.

घ्यायचं कुठून

आम्ही लॅमिंग्टन रोडला, मुंबईच्या कॉम्प्युटर-इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात गेलो, ठाण्याहून फास्टने दादर, तिथून वेस्टर्नची स्लो, कारण ग्रँट रोडला फास्ट थांबत नाही. रविवारी जाऊ नका, बहुतेक शटर खाली असतात. जायच्या आधी रात्री ऑनलाइन भाव कागदावर लिहून न्या, दुकानदाराला तोच कागद दाखवा, पाच-सहा पार्ट एकत्र घेतले की काही ना काही सुटतं. ठाण्यात किंवा वाशीत दोन-चारशे जास्त पडले तरी ओळखीचं दुकान असेल तर घ्या, बोर्ड डेड निघाला तर लोकलने ग्रँट रोडच्या फेऱ्या मारण्यापेक्षा ते परवडतं.

बिल पक्कं, जीएसटीचं, आणि प्रत्येक पार्टचा सीरियल नंबर बिलावर. "बिनबिलाचं घ्या, अठरा टक्के वाचतील" हे वाक्य हमखास ऐकू येईल, त्यात वाचते ती दुकानदाराची डोकेदुखी, वॉरंटीला सर्व्हिस सेंटरवाला पहिल्यांदा बिलच मागतो. प्रोसेसर 'ट्रे' चा, म्हणजे खोक्याशिवाय सुटा नको, त्यात कूलर नसतो आणि वॉरंटी दुकानदाराच्या तोंडी. पॅकेटचं सील समोर फोडा. ऑनलाइन मागवलं तर खोका उघडताना व्हिडिओ काढा, कुरिअरच्या लेबलपासून सुरू करून, मध्ये कट न करता.

जोडून झालं, आता

जोडणी दुकानदार पाच-सातशेत करून देतो, पण एक शनिवार मोकळा काढून स्वतः करा, स्क्रू ड्रायव्हर आणि धीर एवढंच लागतं. पहिल्यांदा चालू केलं आणि स्क्रीन काळी, तर घाबरायच्या आधी मॉनिटरची वायर कुठे लावलीय बघा. ती ग्राफिक्स कार्डाला लावायची, वर बोर्डाला नाही, ५६०० मध्ये ग्राफिक्सच नाही त्यामुळे बोर्डाच्या एचडीएमआयमधून काहीच येणार नाही. आमचे यात वीस मिनिटं गेले आणि मी मामा असून गेले. रॅम नीट 'टक्' होऊन बसलीय का हे दुसरं.

मग बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी चालू करा (काही बोर्डांवर डीओसीपी नाव असतं), नाहीतर ३२०० ची रॅम २१३३ नाहीतर २६६६ वर रांगत राहते आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही. विंडोजमध्ये डिस्प्लेच्या अॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट बदला, तो आपोआप ६० वर बसतो. भाचा पंधरा दिवस १६५ हर्ट्झच्या मॉनिटरवर ६० ने खेळत होता आणि मित्रांना सांगत होता काय स्मूद आहे. वायर डिस्प्ले पोर्टची वापरा, स्वस्त मॉनिटरवर एचडीएमआयला पूर्ण हर्ट्झ मिळतीलच असं नाही. त्यानंतर अर्धा तास जड गेम चालवा आणि तापमान बघा, कार्ड ऐंशीच्या आत आणि प्रोसेसर पंच्याऐंशीच्या आत असेल तर झोपा निवांत.

आणि कार्ड, बोर्ड, एसएमपीएसचे खोके आईने रद्दीवाल्याला द्यायच्या आत माळ्यावर टाका, बिल त्यातल्याच एकात, फोटो फोनमध्ये काढून, कारण थर्मल कागदावरची शाई दोन पावसाळ्यांत उडून जाते.